मांजराला घरी सलाईन : बाटली, सेट आणि सुयांचं परीक्षण

किडनी थकलेल्या म्हाताऱ्या मांजराला कातडीखाली सलाईन द्यायचं ठरलं, की चिठ्ठीवर बहुधा तीनच गोष्टी येतात: आरएल, आयव्ही सेट, नीडल. मेडिकलवाला तिन्ही पिशवीत घालून देतो. पहिल्या संध्याकाळी मांजर कपाटावर, सतरंजी ओली, आणि १०० मिलीतलं आत नेमकं किती गेलं याचा पत्ता नाही. दोष मांजराच्या स्वभावाला दिला जातो. बऱ्याचदा तो पिशवीतल्या सुईचा असतो.

मांजर टोचणं सहन करतं, धरून ठेवणं फार वेळ सहन करत नाही. चार-पाच मिनिटं बसेल, त्यापुढे त्याची मर्जी. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: १०० मिली आत जायला किती मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात काय निसटू, गळू किंवा अडकू शकतं.

हे परीक्षण ज्यांच्या मांजराची मात्रा पशुवैद्यांनी ठरवून दिली आहे आणि ज्यांनी एकदा तरी त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने सुई टोचली आहे, त्यांच्यासाठी आहे. चार-पाच किलोच्या मांजराला साधारण ७५ ते १५० मिली, रोज किंवा दिवसाआड, असा हिशेब असतो. आकडा मात्र रक्ताचे रिपोर्ट आणि हृदयाची अवस्था पाहून डॉक्टरच देतात. हृदय जाड झालेल्या मांजराला हेच पाणी छातीत साठून घातक ठरतं. आणि लघवी तुंबलेल्या बोक्याला घरी सलाईन देत बसणं म्हणजे भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतणं. त्याला थेट दवाखान्यात न्यायचं.

बाटली

आपल्याकडे 'सलाईन' हा शब्द सगळ्याच बाटल्यांना चालतो, आणि पहिली चूक तिथेच होते. हवी असते ती रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएल. लेबलवर 'कंपाउंड सोडियम लॅक्टेट इंजेक्शन आयपी' असं लिहिलेलं असतं. तिच्यात लिटरमागे सोडियम १३१, क्लोराइड १११, पोटॅशियम ५, कॅल्शियम २ आणि लॅक्टेट २९ मिलिमोल असतं, म्हणजे रक्तातल्या पाण्याच्या बरंच जवळचं. नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे एनएसमध्ये, सोडियम आणि क्लोराइड दोन्ही १५४. ती जास्त आम्लधर्मी असते आणि कातडीखाली आरएलपेक्षा जास्त चुरचुरते. रक्तात पोटॅशियम किंवा कॅल्शियम चढलेलं असेल तर डॉक्टर मुद्दाम एनएस देतात, एरवी आरएलच.

लेबलवर 'डेक्स्ट्रोज' हा शब्द दिसला की बाटली परत करा. डी-५, डीएनएस आणि मुलांसाठीच्या काही द्रावणांत साखर असते. कातडीखाली साखरेचं पाणी गेलं तर ते शरीरातलं पाणी स्वतःकडे खेचतं, जागा सुजते आणि गळू होण्याची भीती वाढते. दुकानातल्या गर्दीत आरएल मागितल्यावर डीएनएस हातात येणं काही दुर्मीळ नाही. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात.

५०० मिलीची घ्या. एक लिटरची स्वस्त पडते, पण त्यात टिकवणारं काही घातलेलं नसतं. कंपनी तर एकदा उघडली की एकदाच वापरा म्हणते. घरगुती वापरात बरेच पशुवैद्य एकच बाटली काही दिवस चालवू देतात, आणि इथे ५०० चा आकडा सोयीचा पडतो: रोज १०० मिली म्हणजे पाच दिवसांत बाटली संपते. दिवसाआड देणाऱ्यांनी आठवड्यानंतर उरलेलं सिंकमध्ये ओतून द्यावं. जीव हळहळतो, पण बाटलीची किंमत शंभराच्या आतबाहेर असते आणि गळू फोडण्याचं बिल त्याच्या कितीतरी पट.

दुकानातच बाटली उजेडाकडे धरून आत काही तरंगतंय का पाहा. मग दोन्ही हातांनी दाबा. सूक्ष्म भोक असेल तर थेंब दिसतो. पावसाळ्यात बाहेरचं वेष्टन दमट झालेलं असतं, त्यामुळे ओल बाहेरची की आतली हे पुसूनच कळतं.

आता प्लॅस्टिकची निमताठ बाटली आणि मऊ पिशवी यांतला फरक. मऊ पिशवी रिकामी होताना आपोआप चपटी होते, हवा लागत नाही, धार शेवटपर्यंत सारखी राहते. बाटली थोडी चेपते आणि मग अडून बसते. आत निर्वात पोकळी तयार झाली की धार मंदावते. पहिल्या दिवशी चार मिनिटांत गेलेलं १०० मिली तिसऱ्या दिवशी नऊ मिनिटं घेतं, याचं एक कारण हेच. पिशवी मिळत असेल तर दहा-वीस-तीस रुपये जास्त देऊन घ्यावी. मिळत नसेल तर बाटलीसाठी एअर व्हेंटचा, म्हणजे बाटलीत हवा जाऊ देणारं झाकणाचं भोक असलेला, सेट घ्यावा. बाटलीच्या बुडात वेगळी सुई खुपसून हवा सोडण्याची जुनी सवय अनेक दवाखान्यांत दिसते. पाच दिवस वापरायच्या बाटलीला ती चालणार नाही. खोलीतली सगळी धूळ त्या सुईवाटे आत जाते.

बाटलीवरच्या रेघांवर विसंबू नका. चेपलेल्या बाटलीत पाण्याची पातळी खोटं बोलते आणि २० मिलीचा फरक सहज पडतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा जास्त प्रामाणिक. चाकी (नळी आवळून धार कमी-जास्त करणारी) आणि व्हेंट बंद करून सेटसकट बाटली आधी मोजायची, दिल्यावर पुन्हा मोजायची. आरएलचं १०० मिली म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम. दोन-चार दिवसांत नजर बसते आणि मग वजन अधूनमधून केलं तरी पुरतं.

सेट

साधा मोठ्यांचा आयव्ही सेट, ज्यात २० थेंबांचा एक मिली होतो, तोच घ्यायचा. लहान मुलांचा मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो. त्याच्या ड्रिप चेंबरमधली, म्हणजे थेंब पडताना दिसतात त्या पारदर्शक कुपीतली, बारीक नळीच धार अडवते. 'लहान प्राणी आहे, लहान मुलांचा द्या' असं सांगून तो घेणारे बरेच आहेत. मग सुई कितीही जाड लावा, पाणी टिपटिपच पडतं.

पाकिटावर तीन गोष्टी वाचा. एअर व्हेंट आहे का: खिळ्याजवळ, म्हणजे बाटलीत खुपसायच्या टोकाजवळ, झाकणाचं छोटं बोंडुक दिसतं. टोक लुअर लॉकचं आहे का: म्हणजे सुई आट्यांत फिरवून बसते. नुसती खुपसायची सुई असेल तर मांजराने एक हिसका दिला की सुई मांजरात आणि नळी भिंतीवर फवारा मारत राहते. आणि नळीची लांबी. ती साधारण १५० सेंटिमीटर असते, आणि बाटली किती उंच टांगता येईल हे तिच्यावरच ठरतं. मांजर मांडीवर असेल तर बाटली त्याच्या पाठीपासून मीटर-सव्वा मीटर उंच जाते. तेवढी उंची पुरते. मांजर जमिनीवर आणि बाटली पडद्याच्या दांडीला अशी योजना नळीच ताणून धरते आणि शेवटी सुई बाहेर ओढते.

एअर व्हेंट वापरण्याचा क्रम चुकला तर तो निकामी होतो. खिळा बाटलीत घालताना आणि चेंबर भरताना त्याचं झाकण बंद हवं. बाटली टांगून झाल्यावरच उघडा. आधी उघडलं तर पाणी त्याच्या गाळणीत शिरतं, गाळणी ओली झाली की हवा जात नाही, आणि व्हेंटचे पैसे वाया. मऊ पिशवीसोबत झाकण कायम बंदच.

आणखी एक खोड जवळजवळ सगळ्याच सेटमध्ये आहे. चाकी एकाच जागी रोज आवळली की त्या जागी नळी चपटी होते आणि चाकी पूर्ण उघडूनही गोल होत नाही. पाणी कमी येतंय म्हणून लोक सुई बदलतात, मांजराला दुसऱ्यांदा टोचतात. उपाय फुकटचा आहे: वापर झाल्यावर चाकी नळीवर दोन बोटं वर किंवा खाली सरकवून मग बंद करा. चपट्या जागेला बोटांत मळलं की ती परत उघडते.

सेट प्रत्येक बाटलीला नवा. जुना सेट नव्या बाटलीला लावणं म्हणजे जुन्या बाटलीतले जंतू नव्या घरी पोचवणं.

सुई, म्हणजे सगळा खेळ

बऱ्याच सेटच्या पाकिटात एक सुई फुकट येते. ती सहसा २१ नंबरची आणि दीड इंच लांब असते. माणसाच्या शिरेसाठी ठीक. मांजरासाठी दोन्ही मापं चुकीची. चिमटीत उचललेली कातडी इंचभर रुंद, त्यात दीड इंचाची सुई म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. पाणी केसांत झिरपत राहतं, आणि पातळी उतरताना पाहून माणूस खूश. ही फुकट सुई पाकिटातच राहू द्या.

लांबी एक इंच किंवा पाऊण इंच मागा. जाडीचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. १८ नंबरच्या साध्या सुईचं आतलं भोक सुमारे ०.८४ मिमी, २० चं ०.६० आणि २१ चं ०.५१. भोकाच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने धार वाढते, म्हणून कागदावर १८ ची धार २१ च्या सातपट निघते. प्रत्यक्षात नळी, चेंबर आणि कातडीखालची जागाच पाणी अडवते, त्यामुळे फरक इतका राहत नाही. तरीही बाटली मीटरभर उंच असताना १८ ने १०० मिली साधारण तीन ते पाच मिनिटांत जातं आणि २१ ला त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. आमची कसोटी मिनिटांची, म्हणून कौल १८ ला.

'एवढी जाड सुई?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. टोचतानाचा क्षण १८ ने थोडा जास्त जाणवतो, हे खरं. पण त्यानंतरची पाच मिनिटं वाचतात. ज्या मांजराची कातडी वयाने कागदासारखी पातळ झाली आहे, किंवा जे टोचताक्षणी उसळतं पण नंतर निवांत बसतं, त्याला २० नंबर द्यावा. पातळ भिंतीच्या सुया, उदाहरणार्थ टेरुमोच्या 'अल्ट्रा थिन वॉल' प्रकारातल्या, हा झगडा सोडवतात: बाहेरून २० नंबर, आतलं भोक मात्र साध्या २० पेक्षा मोठं, त्यामुळे धार १८ च्या जवळ जाते. टोकही सुरेख धारदार. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये त्या सहसा नसतात. सर्जिकल मालाच्या दुकानात मागवाव्या लागतात. पैसे जास्त जातात, आणि या यादीतली जास्त पैसे देण्यालायक वस्तू हीच.

रंगांबद्दल सावध. सुईच्या बुंध्याचा, म्हणजे मागच्या प्लॅस्टिकच्या भागाचा, रंग जगभर ठरलेला आहे: १८ गुलाबी, २० पिवळी, २१ हिरवी, २२ काळी, २३ निळी. पण शिरेत ठेवायच्या कॅन्युलाचे, म्हणजे ज्याला सगळे व्हेनफ्लॉन म्हणतात त्याचे, रंग वेगळ्या नियमाने चालतात: तिथे गुलाबी म्हणजे २० आणि हिरवा म्हणजे १८. फोनवर 'गुलाबीवाली पाठवा' म्हटलं की काहीही येऊ शकतं. नंबर आणि इंच, दोन्ही बोला.

एक सुई, एक टोचणं. पहिल्यांदा नीट बसली नाही तर दुसऱ्या प्रयत्नाला नवी सुई. टोक एकदा कातडीतून गेलं की जरासं वाकतं आणि वरचा गुळगुळीत सिलिकॉनचा थर निघतो. दुसऱ्यांदा तीच सुई खरडत जाते, आणि मांजर तो अन्याय आठवडाभर लक्षात ठेवतं. साध्या सुईची किंमत काही रुपये आहे. इथे काटकसर करणाऱ्यांना काय म्हणावं!

बाकीच्या वस्तू

स्काल्प व्हेन, म्हणजे पंखवाली सुई. २१ नंबरची हिरवी सगळीकडे मिळते. सुई पाऊण इंचाची, त्यामुळे आरपार जाण्याची भीती कमी. पंख बोटांत धरता येतात. पुढची लवचिक नळी हिसका शोषून घेते. चंचल मांजर आणि एकटा माणूस असेल तर ही जोडी चांगली जमते. पण ती बारीक नळी वेळ वाढवते. १८ किंवा १९ ची मिळाली तर सोडू नका.

मोठी सिरिंज, थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) आणि स्काल्प व्हेन असाही एक मार्ग आहे. बाटलीतून ५० मिली ओढायचं, थ्री-वेची कळ फिरवायची, हाताने ढकलायचं, पुन्हा ओढायचं. मात्रा मिलीपर्यंत नेमकी आणि टांगायला काही लागत नाही, म्हणून प्रवासात आणि लहान पिल्लांना हा उत्तम. दोन गोम आहेत. ५० मिलीची सिरिंज दोन तोंडांची मिळते. लांब निमुळतं तोंड नळीतून अन्न भरवण्यासाठी असतं, त्याला सुई बसत नाही. लुअर तोंडाची मागा. दुसरं, हाताचा जोर. घाईने ढकललं की कातडी ताणून दुखते आणि मांजर वळून चावतं. ५० मिलीला दीड-दोन मिनिटं द्या.

बुरेट सेट, म्हणजे मधे शंभर-सव्वाशे मिलीचं रेघांचं भांडं असलेला. कागदावर आदर्श: हवं तेवढं भांड्यात घ्या, वरची चाकी बंद करा, जास्त जायची भीतीच नाही. पण बहुतेक बुरेट सेट ६० थेंबांचे असतात, म्हणजे पुन्हा तीच टिपटिप. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला डॉक्टरांनी मोजून ५० मिलीच सांगितलं असेल तर घ्यावा. एरवी वजनकाटा बरा.

प्रेशर बॅग, म्हणजे बाहेरून दाब देऊन धार वाढवणारी पिशवी, मऊ पिशवीला चालते, ताठ बाटलीला नाही. १८ ची सुई आणि मीटरभर उंची असेल तर गरज पडत नाही. पैसे वाचवा.

प्रत्यक्ष टोचताना

हात धुवा. खिळा बाटलीच्या तोंडात सरळ, फिरवत घाला. तिरका गेला तर कडेने गळत राहतो. चेंबर दाबून निम्मा भरा. पूर्ण भरला तर धार चालू आहे की थांबली हे दिसत नाही. तसं झालं तर बाटली सरळ करून चेंबर दाबा, जास्तीचं पाणी परत जातं. मग चाकी उघडून नळीतली हवा घालवा. एखादा बुडबुडा कातडीखाली गेला तर घाबरण्याचं कारण नाही, शिरेतल्या हवेसारखा हा प्रकार नाही. बोटाखाली पापड मोडल्यासारखं चुरचुर लागतं आणि एक-दोन दिवसांत जिरतं.

पाणी कोमट असलं की मांजर शांत राहतं. अख्खी बाटली रोज गरम-थंड करू नये, जंतूंना तेवढीच संधी. नळीची वेटोळी कोमट पाण्याच्या भांड्यात सोडली तर वाटेतच पाणी तापतं. मनगटावर एक थेंब टाकून पाहा, ना गार ना गरम लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह वर्ज्य: कुठे थंड, कुठे उकळतं, आणि बाहेरून काही कळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात हा सगळा उपद्व्याप लागतच नाही, उलट बाटली सावलीत आहे ना ते बघावं लागतं.

मांजर तुमच्याकडे पाठ करून, म्हणजे तोंड समोर आणि शेपूट तुमच्या पोटाशी. दोन खांद्यांच्या हाडांमधली सैल कातडी अंगठा आणि दोन बोटांनी वर उचला. तंबू उभा राहतो. तंबूच्या तुमच्याकडच्या तोंडाला, बुडाशी, तर्जनीने खळगा पाडा. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून, कण्याला समांतर, त्या खळग्यात एका दमात सरकवा. हळूहळू दाबत नेणं हा दयाळूपणा वाटतो, पण दुखतं त्यानेच. कातडी पार झाली की बारीकसं 'फट्' बोटाला कळतं आणि सुई अचानक मोकळी होते. मोकळी झाली नाही, रवाळ अडथळा लागला, तर ती अजून कातडीच्या जाडीतच आहे.

चिमूट सोडा, पण सुईचा बुंधा सोडू नका. चाकी पूर्ण उघडा. पहिल्या दहा सेकंदांत चेंबरमध्ये सलग धार दिसायला हवी आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली उशी फुगायला हवी. हात तिथेच ठेवा. केस ओले झाले की सगळ्यात आधी त्या तळव्याला कळतं.

स्पिरिटच्या बोळ्याबद्दल मतं वेगळी आहेत. केसांवरून एकदा पुसल्याने कातडी काही निर्जंतुक होत नाही, आणि त्या वासाने मांजराला पुढे काय होणार याची वर्दी मिळते. जागा स्वच्छ असेल तर न लावलेलं बरं.

मात्रा झाली की चाकी बंद, सुई बाहेर, आणि भोकावर कातडीची चिमूट एक मिनिट घट्ट. दोन-चार थेंब, कधी फिकट गुलाबी, गळतात, चालतं. मग लगेच नळीला नवी, टोपणासकट सुई लावून ठेवायची. उद्याची सुई आजच बसते आणि नळीचं तोंड उघडं राहत नाही.

धार अडली तर

मध्येच धार थांबली तर आधी सुई बाहेर काढू नका. टोकावर आतला पडदा चिकटलेला असतो. बुंधा बोटांत पाव फेरा फिरवा. नाही तर मिलिमीटरभर मागे घ्या. त्यानेही नाही जमलं तर कातडी किंचित वर उचला. मग व्हेंट, चपटी नळी, नळीवर बसलेलं मांजर, या क्रमाने बघा. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

सुईमागे रक्त आलं तर बाहेर काढा, दाबून धरा, दुसऱ्या बाजूला नव्या सुईने. एका जागी किलोमागे १० ते २० मिली हा सर्वसाधारण बेत. कातडी ढोलासारखी ताणली गेली तर मात्रा दोन जागी विभागा. रोज डावी-उजवी बाजू बदला, नाहीतर काही महिन्यांत त्या जागची कातडी चिवट होते.

दिल्यावर उंटासारखं कुबड दिसतं. ते तासाभरात ओघळून एका खांद्याला, पुढच्या पायाला किंवा छातीखाली लोंबतं आणि साधारण सहा ते आठ तासांत, कधी बारा तासांत, जिरतं. दुसऱ्या दिवशी द्यायच्या वेळीही गोळा तसाच असेल तर त्यावर नवीन पाणी चढवू नका, डॉक्टरांना फोन करा. जागा गरम, लाल, दुखरी असेल तरीही.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा श्वासाचा. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. सलाईन सुरू करण्याआधी आठवडाभर मोजून लिहून ठेवा. सलाईन सुरू असताना झोपेतला आकडा ३० च्या वर चढत गेला किंवा तोंड उघडून श्वास घेतला, तर त्या दिवशीची मात्रा थांबवून लगेच दवाखाना. वजनकाट्यावर एकाएकी वाढलेलं वजन भुकेमुळे वाढलंय असं समजू नका. ते पाणी असू शकतं.

बाटलीत बी-कॉम्प्लेक्स किंवा पोटॅशियम घालण्याचा सल्ला कुणाकडून ऐकलात तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. पहिलं चुरचुरतं, दुसऱ्याचा हिशेब चुकला तर हृदयावर जातं.

कुत्र्यांसाठी याच वस्तू, पण तीस किलोच्या कुत्र्याला याच हिशेबाने अर्धा लिटर लागतं, दोन-तीन जागी टोचावं लागतं आणि कातडी जाड. घरची सोय त्याला पुरेशी पडत नाही. दवाखान्यात शिरेतून द्यावं.

खरेदी आणि कचरा

रोज १०० मिलीप्रमाणे महिन्याला सहा बाटल्या, सहा सेट आणि चाळीस-पंचेचाळीस सुया लागतात. तीस नेमाच्या, बाकी फसलेल्या प्रयत्नांच्या. सुया शंभरच्या खोक्यात घेतलेल्या परवडतात. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत एक इंची १८ नंबर मिळण्याची शक्यता कोपऱ्यावरच्या मेडिकलपेक्षा जास्त. चिठ्ठी सोबत ठेवा, आणि खोक्यावरची मुदत बघा. सवलतीचा माल बहुधा मुदत जवळ आलेला असतो.

घरी येऊन सलाईन देणारे पॅरावेट, म्हणजे पशुवैद्यांचे मदतनीस, अनेक शहरांत मिळतात. पहिल्या दोन-तीन वेळा बोलावणं पैसा वसूल, ते हात कसा धरतात ते पाहायला मिळतं. रोजसाठी मात्र अनोळखी माणसाची चाहूल लागताच मांजर पलंगाखाली जातं, आणि मग सलाईनची चार मिनिटं आणि शोधाची चाळीस. आलेच तर सुई पाकीट फोडून तुमच्यासमोर काढतात ना, एवढं बघा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात हेच पाणी 'हार्टमन्स' नावाने मिळतं. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर काम करताना मूळ द्रावण बनवलं, आणि त्यात लॅक्टेट घालण्याचं काम १९३० च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी केलं. नावं दोन, बाटलीतला फरक नगण्य. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि पशुवैद्य बहुधा एक लिटरची मऊ पिशवी देतात, म्हणजे व्हेंटची कटकट नाही, पण दहा दिवस एकच पिशवी चालवायची का हे त्यांनाच विचारा.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. माणसाच्या बोटाला टोचते ती याच वेळी. जाड प्लॅस्टिकचा रिकामा डबा, फिनेलचा किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडचा, झाकणाला भोक पाडून ठेवा आणि सुई त्यात टाका. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती गेली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या हातात जाते. दवाखान्यांना सुयांसाठी न फुटणारा पांढरा डबा ठेवावा लागतो आणि त्यांचा कचरा वेगळा उचलला जातो; भरलेला डबा पुढच्या तपासणीला जाताना तिथे द्या. बहुतेक ठिकाणी घेतात. घेतात की नाही हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवलेलं बरं, डबा भरल्यावर नाही.